तळहातावरचं तीर्थ

नदीच्या पाण्याचा अहवाल घेऊन कचेरीत गेले, तेव्हा साहेब म्हणाले, वीस पानं कोण वाचणार, एका पानात आणा. एका पानात नेला तर म्हणाले, यात तपशीलच नाही. चहा मात्र दोन्ही वेळा पाजला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तोंडाची फटकळ आहे. ‘मग साडेदहा पानं चालतील का?’ असं बोलून बसले. तिसऱ्या वेळी साहेब भेटलेच नाहीत.

म्हटलं, गेले उडत, आपण लोकांनाच सांगू. आळंदीच्या अलीकडे इंद्रायणीकाठी एक गाव आहे. पाण्याचे नमुने घ्यायला जायचे तेव्हा तिथल्या देवळात झाडलोट करणाऱ्या मावशींशी ओळख झाली होती. त्यांच्या नातीला वरचेवर जुलाब व्हायचे. पुजारी सकाळी नदीतून कलश भरून आणत आणि मावशी रोज ते तीर्थ नातीला पाजत. त्या पोरीच्या पोटात ते पाणी जाणं थांबायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मावशींनीच एका गुरुवारी देवळात बायका जमवल्या. मी नदीच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या. कारखान्यांचं, गटारांचं पाणी कुठे मिसळतं ते सांगितलं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही काय काय असतं, तेही सांगितलं. बायका मन लावून ऐकत होत्या. मावशी म्हणाल्या, उद्यापासून नातीला नळाचंच देते. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

तेवढ्यात आरती झाली. पुजारी पळी घेऊन रांगेतून आले, सगळ्यांनी हात पुढे केले, मीही केला. तीर्थ ओठांना लावलं, ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि मग कळलं की आपण काय केलं.

कुणीतरी पदर तोंडाला लावून हसलं. मावशी हसल्या नाहीत.

“सवय हो मावशी, लहानपणापासूनची,” मी म्हणाले.

“व्हय बाई,” त्या म्हणाल्या. “आमचीबी सवयच हाय.”

बाटल्या पिशवीत भरल्या आणि बसने मोशीला घरी आले. काय झालं गं आज, असं विचारायला घरात कुणी नाही. स्वतःचाच इतका राग आला होता की जेवण गेलं नाही. चुकले मी, हे सांगायला तरी कुणी हवं होतं.

तेव्हापासून दर गुरुवारी जाते. आता कुणी काही विचारत नाही आणि माझ्या शेजारी सहसा कुणी बसतही नाही. पळी आली की मी हात जोडून ठेवते. पुजारी मला वगळून पुढे जातात. मावशी समोरच्या रांगेत असतात, पण त्या दिवसापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत.

परवाच्या गुरुवारी त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला आणि तीर्थ घेतलं. शेजारी बसलेल्या नातीनंही हात पसरला. मावशींनी तिची मूठ मिटवली, आपल्या हातात धरली आणि पुजारी पुढे जाईपर्यंत सोडली नाही.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.