राबावरची दाट-विरळ

लेकीचा फोन रविवारी सकाळी येतो. ती परदेशात असते, विश्व जन्मलं त्या वेळचं काहीतरी शोधते. आधी तासभर बोलायची. मग हळूहळू "जेवलीस का, गुडघा कसा आहे" एवढ्यावर आलं. तिचं सगळं ध्यान त्या कामात, आणि ते काम मला कळेना, तर बोलणार काय? म्हटलं, आपण शिकायचं. शाळेत काही मी गेले नाही. तिच्याच पहिलीच्या पुस्तकावरून चुलीपुढे बसून अक्षरं लावली होती. मग हे का नाही जमणार?

एका रविवारी विचारलं, "बाय, तू शोधतेस तरी काय?"

"लहरी, आई. गुरुत्वाकर्षणाच्या लहरी."

फोन स्पीकरवर, शेजारी माझी जाऊ नागली पाखडत होती. ती तिथूनच ओरडली, "लहरी शोधायला एवढ्या लांब कशाला गो? तुझा बाप काय कमी लहरी होता?"

लेक हसली. किती दिवसांनी हसली! मग सांगायलाच लागली. अगदी आरंभी विश्व डोळ्याचं पातं लवायच्या आत अफाट ताणलं गेलं म्हणे. त्यानंतर सगळीकडे जवळजवळ सारखंच होतं, पण अगदी सारखं नाही. कुठे कणभर दाट, कुठे कणभर विरळ. दाट होतं तिथं आणखी ओढलं गेलं, त्यातूनच तारे झाले, आपण झालो.

"अगं, मग ही राबावरचीच पेर!" मी म्हटलं.

राब म्हणजे पालापाचोळा, शेण भाजून रोपांसाठी केलेली जागा. तिथं नागली मुठीनं फेकतात. फेकताना सारखीच दिसते. उगवली की कळतं कुणाचा हात होता. माझी कडेला दाट, जावेचे मधे झुबके. लेक डावरी, तिच्या कोपऱ्यातली रोपं तिरकी, एका अंगाला सरकलेली.

"हेच तर आम्ही करतो आई," ती म्हणाली. "उगवलेलं बघून हात ओळखतो."

"मग त्या लहरी कशाला?"

"तेव्हा सगळं इतकं कोंदलेलं होतं की उजेडालाही वाट नव्हती. लहरी मात्र आरपार आल्या असणार. त्या वेळच्या अजून सापडल्या नाहीत."

मला राब भाजायचे दिवस आठवले. धुरात लहानगी लेक दिसायची नाही, रडवेली हाक मारायची. मी काठीनं भुई ठोकायचे. तळपायाला थरथर लागली की त्या थरथरीच्या मागानं ती माझ्यापाशी यायची.

"आठवतं का गं?"

"पायांना आठवतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "यंदा माझा कोपरा कोण पेरणार? मला नाही जमायचं यायला."

मी सगळा राब उजव्या हातानं पेरला. तिचा कोपरा तेवढा डाव्या हातानं.

रोपं बोटभर झाली. जाऊ बांधावर उभी राहून बघत होती. "नाही गो," ती म्हणाली, "तिचा हात नाही आला."

तरी मी फोटो पाठवला. डाव्या हाताचं काही सांगितलं नाही. रविवारी लेक बराच वेळ बघत बसली असावी.

"आई, हा कोपरा तुझाच. पण डाव्या हातानं पेरलास ना?"

मी नुसतं हूं केलं. फोन मात्र तिनंही ठेवला नाही नि मीही.