गुलाबी बाजरी

कोंबड्यांना दाणे टाकायच्या आधी मी मूठभर दाणे ओल्या तळहातावर चोळून बघते. रंग सुटतो का. इथं सुरतेला, खोलीमागच्या पत्र्याच्या आडोशाला माझ्या चार कोंबड्या आहेत. त्यांचे दाणे दुकानातून येतात, चांगले असतात. तरी चोळते. कारखान्यात माझ्याबरोबर साड्यांचे धागे कापणाऱ्या बाया हसतात, म्हणतात, कोंबड्या पाळल्यास का जावई. मी पण हसते. तळहात मात्र बघितल्याशिवाय राहवत नाही.

ही खोड गेवराईकडच्या आमच्या गावातली. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आठवी दुसऱ्या गावात होती, आणि घरी शेरडं, चूल आणि दहा कोंबड्या होत्या. कोंबड्या माझ्या जिम्म्यावर. दिवसभर त्या उकिरड्यावर चरायच्या, संध्याकाळी मूठभर कण्या टाकल्या की खुराड्यात यायच्या. ती मूठ चुकली तर दुसऱ्याच्या गंजीत जाऊन अंडी घालायच्या.

लोकांना कोंबडी गरीब वाटते. एका पिलाच्या शेपटीखाली जरासं रक्त दिसलं होतं, तर बाकीच्यांनी तिथंच चोची मारून मारून त्याचं आतडं बाहेर ओढलं. मी सोडवायला गेले तोवर ते पळत होतं आणि आतडं मागं फरफटत होतं. आमच्या वडलांचा हात तसाच होता. एकदा उठला की रक्त दिसून थांबायचा नाही, उलट वाढायचा. आईच्या कपाळावर एक खूण होती, माझ्या पाठीवर दोन.

शेजारी काकू राहायची. सख्खी नव्हे, भावकीतली. नवरा वारलेला, लेकरू नाही, दारात मेथीचा एक वाफा. आमच्या कोंबड्या तो वाफा उकरायच्या. एके दिवशी सकाळी ती कुंपणाजवळ उभी राहून बोलली, सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"आज वाफ्यात औषधच टाकते. मग बसा पखं मोजत."

"टाकून तर बघ," आई म्हणाली.

त्याच दिवशी कण्या संपल्या होत्या. पेरणी झाली होती आणि बाजरीच्या बियाण्याची अर्धी पिशवी खुंटीला उरली होती. बियाणं गुलाबी होतं, औषध लावलेलं. पिशवीवर कवटीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की खाण्यासाठी वापरू नये. मला वाचता येत होतं. मी वाचलं. मग बाजरी पातेल्यात घेऊन तीन पाण्यांनी धुतली. तिसरं पाणी जवळजवळ पांढरं निघालं. रंग गेला म्हणजे विष गेलं, असं मला वाटलं. दुपारीच टाकली. कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढून खात होत्या.

तासाभरात पहिली पडली. मान उलटी करून जमिनीवर डोकं आपटायला लागली, चोचीतून फेस. मग दुसरी, मग एकदम तीन. पाय ताणून, पंख झाडत गोल फिरायच्या आणि पडायच्या. मी पिशवी उचलली आणि गवऱ्यांच्या ढिगात खुपसली. मगच आईला हाक मारली. कोणतं आधी केलं ते मी विसरलेले नाही.

वडील शेतातून आले तेव्हा सात मेल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. दाराआड कुऱ्हाडीचा नवा दांडा होता तो घेतला आणि कुंपण तुडवून गेले. आई त्यांच्या आधी पोचली होती. तिनं काकूला केसाला धरून दारातून ओढलं.

"सटवे, मुक्या जिवाला घातलंस व्हय?"

"म्या न्हाई घातलं. लेकराची आन..." काकू बोलली आणि थांबली, कारण तिला लेकरू नव्हतं.

पहिला दांडा पाठीवर बसला. दुसरा आडव्या धरलेल्या हातावर. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज आला, मी कुंपणाच्या अलीकडून ऐकला. तिसरा खांद्यावर. ती मेथीच्या वाफ्यात पडली तरी वडील मारत होते. गल्लीतले दोघं मधे आले तेव्हा कुठं थांबले.  मी कुंपणाच्या अलीकडंच उभी राहिले. आता दांडा माझ्याकडं वळंल, एवढंच डोक्यात होतं. तेरा वर्षांची होते. वळला असता तर मी वाचले नसते, हे आजही मला तसंच वाटतं.

काकू उठून बसली. ओठ फुटला होता. डावा हात मनगटातून लोंबत होता. तिनं आमच्या अंगणाकडं बघितलं.

"मारून झालं आसंल तर पातं आना," ती म्हणाली. "तीन अजून जित्या हायत."

वडील वसरीवर जाऊन बसले, धापा टाकत. आई मेलेल्या कोंबड्या पाटीत भरून पुरायला गेली, कुत्र्यांनी ओढू नये म्हणून. काकू आमच्या अंगणात आली, मोडका हात पदरात बांधून. मी दाढीचं पातं, सुई-दोरा, हळद आणि कोमट मिठाचं पाणी आणलं.

"धर. पाय आन् पंख एका जागी. सोडलीस तर मेली."

तिनं कोंबडीच्या गळ्याखालची पिसं उपटली. तिथं दाण्यांची पिशवी टच्च फुगलेली होती. बोटभर कातडी कापली, मग आतली पिशवी. कोंबडी माझ्या हातात अशी उसळली की तिची नखं मनगटात रुतली. काकूनं बोटानं दाणे बाहेर ढकलले. गरम, फुगलेले, आणि खाचाखाचांत अजून गुलाबी. पाणी ओतलं तर गुलाबी पाणी माझ्या पायावर आलं.

वाफ्यात टाकायच्या औषधात पेरणीची गुलाबी बाजरी नसते. तिनं दाणे बघितले, मग माझ्याकडं बघितलं.

"तू?"

मी मान डोलावली. 

"बियाण्याची पिशवी कुठंय?"

"गवऱ्यात."

तिनं वसरीकडं बघितलं. दांडा अजून वडलांच्या मांडीवर आडवा होता. तिनं दाणे मुठीत गोळा करून चुलीतल्या राखेत कालवले. आतली पिशवी मी शिवली, मग कातडी, कारण तिला एकच हात होता. टाके कसे घ्यायचे ते ती सांगत होती. तीनमधल्या दोन जगल्या. जाताना ती वसरीपाशी थांबली.

"माझंच चुकलं, भाऊजी. म्याच टाकलं हुतं."

वडील तिच्या पायाशी थुंकले.

तिचं मनगट वाकडंच जुळलं. गावात तिचं नाव औषधवाली पडलं. बाया तिच्या हातचं ताकही घेईनाशा झाल्या. मी चार वर्षांनी गाव सोडलं. पिशवी मी त्याच रात्री जाळली होती, पण बोलले नाही. दर सुट्टीला तिच्यासाठी सुरतेहून साडी न्यायचे, आणि ती घ्यायची.

यंदा गेले तेव्हा ती आमच्या ओट्यावर मला भेटायला आली होती. वडील आता थकलेत, चेष्टा करतात. पोरं-बाया बसलेल्या असताना म्हणाले, "वहिनी, खुराड्यापास्नं जरा लांब बसा."

सगळे हसले. तीही हसली. आणि माझ्या तोंडून निघालं, "बाजरी म्या घातलती. पेरणीची."

 वडलांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तवा कावून सांगितलं न्हाई?"

"तुमच्या हातात दांडा हुता," काकू म्हणाली. "माझा हात मोडून झालाच हुता. पोरीचा मोडला आसता तर कोंबडी कुनी धरली आसती?"

वडील उठले. मी मागं सरकले, अंगानं आपोआप. त्यांनी खुराड्याजवळचा कोंबडा पायाला धरून उचलला, कोयता घेतला आणि ओट्याच्या कडेवर मान ठेवून एका घावात उडवली. रक्त त्यांच्या धोतरावर उडालं, भिंतीवर उडालं. मग गल्लीकडं तोंड करून ते ओरडले, "ऐका रे. वहिनीनं न्हाई घातलं. माझ्या पोरीनं घातलं. आन् मारलं म्या."

धड त्यांच्या हातातून निसटत होतं. मी पुढं होऊन पाय आणि पंख एका जागी धरले.

"वरडू नका, भाऊजी," काकू म्हणाली. "काळीज तेवढं मला ठिवा." फडफड थांबेपर्यंत ती माझ्या हातांकडं बघत होती. मग म्हणाली, "पोर धरती चांगलं. तवाबी सोडली न्हवती."