दोन वेढ्यांचा डाव

आमच्या सासूबाईंना सगळा कारखाना मावशी म्हणतो. मॅनेजर म्हणतो, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला रखवालदारसुद्धा म्हणतो. घरी मी त्यांना आई म्हणते, आणि मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट. घरी पाहुणे आले होते. भाजीचं कौतुक झालं तसं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आत्ताच केली." लगेच आतून आवाज आला, "सकाळची आहे. गरम केलीय." माझं तोंड एवढंसं झालं. पाहुणे बिचारे म्हणाले, "चालेल की, त्यात काय!" सासूबाई म्हणाल्या, "चालेल हो. पण तुम्हाला माहीत असायला हवं." पाहुण्यांनी तीच भाजी मिटक्या मारत खाल्ली, आणि मी पुढे आठवडाभर या बाईशी कामापुरतं बोलले. मला वाटायचं, हिला मला खाली पाडायची हौस आहे. तसं नव्हतं, पण ते कळायला बराच काळ जावा लागला.

आमचा कारखाना पाण्याचे पंप करतो. मी वाइंडिंगला असते, म्हणजे मोटरच्या पोटात तांब्याची तार भरायची. सासूबाई कँटीनला. पॅकिंगच्या हॉलमागे लांबट खोली, पत्र्याची टेबलं, ताटं सरकवायला एक खिडकी आणि खिडकीच्या आत सासूबाईंचं राज्य. तिथे मला चमचाही हलवायची परवानगी नाही. त्यांचे तीन मोठे डाव आहेत, लांब दांड्याचे, ढवळायलाही तेच आणि वाढायलाही तेच. दिसायला तिन्ही सारखे. माझ्याकडून तारेचे उरलेले तुकडे मागून घेऊन त्यांनी एका दांड्याला एक वेढा घातला, दुसऱ्याला दोन, तिसरा तसाच ठेवला. ज्या पातेल्याला जो डाव ठरला तो ठरला. त्यांना बघावंसुद्धा लागत नाही. तोंड खिडकीकडे, जीभ कुणाला तरी दम देण्यात गुंतलेली, आणि अंगठा दांड्यावरून फिरला की हाताला बरोबर डाव लागलेला असतो.

आता वेल्डर. माणूस उंच, अबोल, कामाला वाघ. पण कँटीनमध्ये तो फक्त बसायचा, खायचा नाही. स्वतःचा डबा आणायचा आणि शेवटच्या टेबलावर खिडकीकडे पाठ करून जेवायचा. कारखान्यात कसलंही जेवण असो, हा चहा आणि एक केळं घेणार. कुणी बिस्किट पुढे केलं तरी विचारणार, "यात काय आहे?" पोरं चेष्टा करायची, "पाण्यात काय आहे तेही विचारा की!" तो हसायचा आणि बिस्किट तसंच राहायचं.

यामागची हकीकत आम्हाला त्याच्या भाच्याने सांगितली. भाचा आमच्याकडेच ग्राइंडिंगला आहे. वेल्डर नवा होता तेव्हा, सासूबाईंच्याही आधी, कँटीनला दुसरा आचारी होता. एका मोठ्या जेवणाला त्याने वेल्डरला हाताला धरून बसवलं. "तुमच्यासाठी मुद्दाम हलाल आणलंय, बिनधास्त खा!" वेल्डर जेवला. चांगलं झालं होतं म्हणून त्याने ताट पुढे करून पुन्हा वाढून घेतलं. हात धुवायला उठला तेव्हा पाठीमागे हशा पिकला. ते हलाल नव्हतंच. आचाऱ्याला माहीत होतं, अर्ध्या टेबलाला माहीत होतं. वेल्डरने हात धुतले, तोंडावर मुखवटा ओढला आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवसापासून डबा.

हे ऐकून माझं डोकं असं तापलं की त्या आचाऱ्याला शोधून काढावंसं वाटलं. सासूबाईंनी मात्र त्या दिवशी खिडकीची फळी दोनदा पुसली.

तर हा वेल्डर निवृत्त व्हायचा होता, आणि मॅनेजरने ठरवलं की त्याच्या निरोपाचं जेवण दणक्यात करायचं. पॅकिंगचा हॉल रिकामा करू, सगळ्यांनी बायकापोरांना घेऊन यायचं. वेल्डरला वगळून कँटीनमध्ये बैठक बसली आणि मटणापाशी येऊन घोडं अडलं.

स्टोअरकीपर म्हणाला, "हे बघा, हलाल आमच्यात चालत नाही. आमच्या घरात झटकाच खातात, आजोबांपासून." आणि हा वेल्डरचा सगळ्यात जुना दोस्त बरं का! रोज दुपारचा चहा दोघे एकाच पायरीवर बसून पितात. हिशेबाच्या बाई कसलंच मटण खात नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचं आपसात चाललंय, पण ज्याचा जीव जाणार त्याला विचारलंत का?" भाचा म्हणाला, "मामाचं जरा जास्तच आहे. मी तर मनात देवाचं नाव घेतो आणि समोर येईल ते खातो." कुणी म्हणालं, ज्याचा मान त्याच्या पद्धतीने होऊ द्या. कुणी म्हणालं, एकासाठी सगळ्यांनी का बदलायचं? आवाज चढले. मीही दोन शब्द ऐकवले, कारण मला राहवत नाही.

बैठक मोडल्यावर मॅनेजर हळूच स्वयंपाकाच्या बाजूला आला. "मावशी, सोपं करू. सगळं हलालच आणा. स्टोअरकीपरला सांगायचंच नाही. खाताना चवीत काय कळतं?"

"चवीत नाही कळत," सासूबाई म्हणाल्या.

"मग झालं तर!"

"म्हणूनच सांगायचं."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, जणू मी समजूत घालणार. मी भांडी मोजल्यासारखं केलं.

मग तीन पातेली ठरली. डाळभाजीला साधा डाव, स्टोअरकीपरच्या मटणाला एक वेढ्याचा, वेल्डरच्या मटणाला दोन वेढ्यांचा. सासूबाई मला घेऊन वेल्डरकडे गेल्या. ठिणग्या थांबून त्याने मुखवटा वर करेपर्यंत उभ्या राहिल्या आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही घरी मटण कुठल्या दुकानातून नेता?"

त्याने दुकान सांगितलं. मग जरा थांबून, "पातेलं वेगळं?"

"पातेलं वेगळं, डाव वेगळा. हात माझा."

त्याने हातातला रॉड खाली ठेवला. "बायकोला आणतो," म्हणाला. "त्या दिवशी डबा नाही आणत."

बाहेर आल्यावर सासूबाईंनी मला दम भरला, "चालताना बडबड करू नकोस." मी एक अक्षर बोलले नव्हते. त्यांना भीती वाटत होती, एवढंच.

जेवणाच्या दिवशी त्या दोन हातांत दोन दुकानांच्या दोन पिशव्या घेऊन आल्या, आणि मध्ये कुणाला येऊ देईनात. सगळं झकास शिजलं. तेवढ्यात मॅनेजर रबरी हातमोजे घेऊन आला. "पाहुणे आहेत मावशी, जरा स्वच्छ दिसायला हवं." सासूबाईंचे हात इतके स्वच्छ असतात की त्यांच्यापुढे मला माझे लपवावे लागतात. पण साहेबाचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी घातले. मला तर हसू आलं.

हॉल भरला. वेल्डर कडक इस्त्रीच्या कपड्यात मधल्या टेबलावर बसला होता, शेजारी त्याची बायको. तिने हळूच त्याची कॉलर सारखी केली. कँटीन आणि हॉलमधलं मोठं दार उघडं होतं, त्यामुळे खिडकीतून मला त्याचा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं तिथून मी त्याची पाठच पाहिली होती.

वाढायच्या आधी सासूबाईंनी शेवटचं ढवळायला घेतलं. स्टोअरकीपरचं पातेलं ढवळून त्यांनी डाव ताटलीत ठेवला. तेवढ्यात डाळ उतू जायला आली. त्यांनी मान तिकडे वळवली, विस्तव कमी केला आणि तसंच, न बघता, अंगठा दांड्यावर फिरवून डाव उचलला. वेल्डरच्या पातेल्यात घातला, तळापासून एकदा फिरवला. आणि थांबल्या.

हातमोज्याचं टोक दातांत धरून त्यांनी तो ओढून काढला. उघडा अंगठा दांड्यावरून नेला. एकच वेढा होता.

खिडकीशी अजून कुणी आलं नव्हतं. आत आम्ही दोघीच. मी कुजबुजले, "आई, झाकण ठेवा. कुणी पाहिलं नाही. एकदाच तर फिरला!"

"मी पाहिलं," त्या म्हणाल्या.

"अहो, तो बायकोला घेऊन आलाय! आज तरी जेवू दे त्याला. तुम्ही सांगितलंत तर तो पुन्हा उपाशी जाईल, आणि लोक म्हणतील मावशीही तसलीच निघाली."

"म्हणू देत."

"मग निदान त्या मोज्यांचं तरी सांगा! त्यांच्यामुळे वेढा लागला नाही हाताला."

"हात माझाच होता," त्या म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या.

मी दारात उभी राहिले. खरं सांगते, मी या बाईशी कितीदा भांडलेय, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. एवढीशी बाई, एका हातात रबरी मोजा, एका हातात नाही, भरलेल्या हॉलच्या मधोमध चालत गेली आणि उत्सवमूर्तीसमोर उभी राहिली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खिडकीतून ओरडताना असतो तसाच होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुमच्या पातेल्यात माझ्या हातून दुसऱ्या मटणाचा डाव फिरला. आत्ताच. ते आता हलाल राहिलं नाही. डाळभाजीला काही लागलेलं नाही. चूक माझी आहे."

मॅनेजरचा चेहरा उतरला. "अहो मावशी, एवढंसं तर..." भाचा म्हणाला, "मामा, चुकून झालं ना, चालतं." तोच स्टोअरकीपर ताडकन उठला. "चालतं की नाही ते त्याला ठरवू दे!" असा ओरडला की भाचा खालीच बसला. हलालच्या नावाने बैठकीत ज्याने आवाज चढवला होता तोच हा माणूस.

वेल्डर सासूबाईंकडे वळला. मग म्हणाला, "त्या वेळीही वाढणाऱ्याला माहीत होतं."

एवढंच. नव्या लोकांना काही समजलं नाही. जुन्या लोकांच्या माना खाली गेल्या.

तो उठला. मला वाटलं, निघाला. त्याच्या बायकोनेही पिशवी हातात घेतली. पण त्याने टेबलावरची दोन ताटं उचलली आणि चालत खिडकीपाशी आला. पाहुण्यांना वाढायला माणसं ठेवलेली होती, पण तो रांगेत उभं राहिल्यासारखा फळीसमोर उभा राहिला. सासूबाई धावत आत आल्या, दुसराही मोजा काढून फेकला आणि साधा डाव उचलला.

"यात नुसती डाळ, कांदा, आणि..."

"वाढा, मावशी," तो म्हणाला.

त्यांनी वाढलं. नवराबायको जेवले. बाकीचेही आपापलं जेवले. भाच्याने मामाचं बिघडलेलं मटण खाल्लं, आणि स्टोअरकीपरने त्याचं मटण चांगलं पोटभर खाल्लं, वेल्डरच्या खांद्याला खांदा लावून. हिशेबाच्या बाईंनी दोघांनाही टोमणा मारला. कुणाचं मत बदललं असं मला वाटत नाही. मी मात्र खिडकीच्या आत उभी होते आणि माझ्या सासूकडे चोरून बघत होते, नवी नवरी बघते तशी. इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीतच नव्हतं की मी कुणाच्या शेजारी उभी असते.

सासूबाई पातेल्यात बघत होत्या. हॉलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या तेवढ्या वेळात डाळ खाली धरली होती.

फळीवर सावली आली. वेल्डर होता. त्याने रिकामं ताट पुढे केलं.

सासूबाईंचा डाव हवेतच राहिला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण खरं सांगायची खोड काही सुटली नाही.

"तळाची राहिलीय," त्या म्हणाल्या. "करपलीय."

"असू दे," तो म्हणाला आणि ताट आणखी जवळ सरकवलं.