दाराच्या कडेवरची सही

आर्जव, म्हणजे मनाचा सरळपणा, या गुणाला शास्त्रकारांनी सद्गुणांच्या पंक्तीत मानाचे पान मांडले; परंतु तो ज्याच्या घरी मुक्कामास येतो त्याची किती गैरसोय करतो, याची वाच्यता फारशी कोणी केलेली नाही. सत्यवचनी मनुष्य विचारले असता खरे सांगतो. ऋजू मनुष्याला कोणी विचारीपर्यंत धीर निघत नाही. चिक्कडपल्लीचे कैलासवासी नरहरराव या दुसऱ्या वर्गातले.

दस्तनोंदणी कचेरीत त्यांची छत्तीस वर्षे गेली. तेथील दंडक असा की, दस्तातले एक अक्षर खोडले तरी शेजारी ‘दुरुस्ती’ असे लिहून सही आणि तारीख घालावी. निवृत्तीनंतरही हा दंडक त्यांच्या बोटांतून गेला नाही. वाण्याच्या यादीत ‘साखर’ खोडून ‘गूळ’ लिहिला, तरी बाजूस त्यांची सही असे.

पंचाहत्तरीतही दर गुरुवारी ते सून केतकीची निळी गाडी घेऊन अफझलगंजच्या ग्रंथालयात जात. त्या विधुर गृहस्थाचा आठवड्यातला तेवढाच सण. मागे एकदा बंपरवर ओरखडा आढळला, तेव्हा केतकीने बजावले होते, “बाबा, आणखी एक दिसला तर किल्ली माझ्या पर्समध्ये.” तो ओरखडा आपण काढल्याचे नरहररावांना स्मरत नव्हते, न काढल्याचेही स्मरत नव्हते, म्हणून त्यांनी मान खाली घातली होती.

केतकी आठ दिवसांसाठी पुण्यास माहेरी गेली, आणि पहिल्याच गुरुवारी घरच्या फाटकाच्या खांबाने गाडीच्या डाव्या दाराला वीतभर आलिंगन दिले. गॅरेजवाला चार दिवस गाडी ठेवून घेणार, आणि केतकीला फोनही करणार. तेव्हा नरहरराव स्वतःच रंगाच्या दुकानी गेले आणि हवा तो रंग ‘नीलकमळासारखा, परंतु किंचित म्लान’ असा वर्णन करू लागले.

“पंडितजी, शायरी नक्को,” दुकानदार म्हणाला. “दरवाजे के अंदर चिठ्ठी पे नंबर रहता, वो लाओ.”

नंबर गेला, त्या नंबरचा रंग फवाऱ्याच्या डब्यात भरून आला. कॉलेजात जाणारी नात तन्वी हे सारे पाहतच होती.

“आजोबा, मी मम्मीला काय नै सांगत. तुम्ही बी नक्को सांगा.”

“मी कशाला सांगेन?”

“तुम्हीच सांगता. दर टाइम.”

दुसऱ्या सकाळी स्नान आटोपून नरहररावांनी कर्म आरंभिले. ओल्या पॉलिश पेपरने ओरखडा घासला, भोवती चिकटपट्टीने वर्तमानपत्रे लावली, प्रायमर मारून वाळू दिला. डबा दोन मिनिटे हलवावा, असे त्यावर छापले होते. घड्याळाकडे पाहायचे तर चष्मा बदलावा लागे. म्हणून डबा खुळखुळवीत त्यांनी संध्येतली चोवीस नावे चार वेळा म्हटली. पहिला थर ओघळला. तो पुसून, पुन्हा घासून, त्यांनी वीतभर अंतरावरून पाच विरळ थर दिले. प्रत्येक थराआधी चोवीस नावे चार वेळा झालीच. त्या दिवशी जेवढे नामस्मरण घडले, तेवढे अधिकमासातही घडले नसेल.

काम निर्दोष उतरले. तन्वीने बोट फिरवून पाहिले. तिला जागा सापडली नाही.

दोन दिवस नरहरराव तृप्त होते. तिसऱ्या दिवशी त्यांना जेवण जाईना. एवढी दुरुस्ती झाली, आणि शेजारी सही नाही. अखेर त्यांनी गाडीचे ते दार उघडले, आतल्या कडेवर बारीक कुंचल्याने ‘दुरुस्ती – नरहर’ आणि तारीख लिहिली, आणि पुसली जाऊ नये म्हणून वर पारदर्शक लॅकरचा थर दिला.

केतकी परतली तेव्हा तिला आणायला नरहरराव आणि तन्वी गाडी घेऊन स्टेशनवर गेले. बॅग आत टाकण्यासाठी तिने गाडीचे डावे दार उघडले आणि ती कडेजवळ वाकली.

“बाबा, हे काय आहे?”

“मी काय नै बोलली,” तन्वी म्हणाली.

नरहररावांनी सगळे सांगितले, खांबाचा काही दोष नसल्याचेही सांगितले, आणि किल्ली पुढे धरली. केतकी दाराकडे पाहत राहिली.

“कुठे होता ओरखडा?”

त्यांनी जागा दाखवली. तिने दोन्ही बाजूंनी पाहिले. किल्ली मात्र तिने घेतली नाही.

“बंपरवरचा तुमचा नव्हता, बाबा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मीच घासला होता. तुम्ही मान खाली घातलीत, म्हणून मीही गप्प बसले.”

नरहररावांनी किंचित विचार केला. “डब्यात रंग उरला आहे,” ते म्हणाले. “पण सही तुला करावी लागेल.”

किल्ली खुंटीवर परत गेली. पुढच्या गुरुवारी ते ग्रंथालयात गेले आणि त्यापुढचे सव्वा वर्षही जात राहिले.

त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. उन्हाने गाडी फिकट पडली आहे आणि दारावरचा वीतभर तुकडा आता वेगळा दिसतो. आतल्या कडेवर दोन दुरुस्त्यांची नोंद आहे, एक नरहररावांच्या सहीची, एक केतकीच्या. दोन्ही वाचता येतात.