रुमालाची जागा

गंगाखेडहून परभणीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ते काका रोज असायचे. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून शेजारची जागा धरायचे. मला त्या रुमालाचा राग यायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मुख्याध्यापक माझा इंग्रजीचा तास बघायला बसणार होते. नोकरी पक्की होणं त्यावरच होतं. आणि मुलं नेमकी एका ठिकाणी अडली होती. 'अबाऊट'नंतर एखादं नाम येतं हे त्यांना पटायचं. 'अबाऊट व्हॉट माइट हॅपन' असं आख्खं वाक्य तिथं कसं मावतं, ते पटत नव्हतं.

मी मागच्या सीटवरून जरा चिडूनच विचारलं, "काका, कोणासाठी धरली जागा?"

"कोण येईल त्याच्यासाठी. आदी रुमाल टाकायचा, माणूस येतंय की मागून."

तेवढ्यात दोन लेकरं घेऊन एक बाई चढली. काकांनी रुमाल उचलला. तिघं दाटीवाटीनं त्या एका जागेवर बसले.

"बगा, एका रुमालावर आख्खं बिऱ्हाड बसलं," ते म्हणाले.

तासाला मी फळ्यावर 'अबाऊट' लिहिलं, बाकावर रुमाल टाकला आणि 'व्हॉट', 'माइट', 'हॅपन' झालेल्या तीन मुलींना त्या एका जागेवर बसवलं. वर्ग हसला आणि धडाधड वाक्यं करायला लागला. जाताना मुख्याध्यापक म्हणाले, "सोमवारी ऑर्डर घेऊन जा, मॅडम."

संध्याकाळच्या गाडीतही काका होते, शेजारी रुमाल. मी रुमाल उचलून त्यांच्या हातात दिला, बसले, आणि गंगाखेड येईपर्यंत गाढ झोपले.