एक पीळ जादा

मंडळी, आज माझीच एक चूक सांगायला बसलोय.

सकाळी डहाणूच्या रमीलाबेन गाडी घेऊन तलासरीला माझ्या गॅरेजवर आल्या. मागच्या सीटवर त्यांच्या सासूबाई घामाघूम. दुपारी त्यांना डायलिसिससाठी वलसाडला न्यायचं होतं आणि एसीतून गरम वारा येत होता. हाच एसी मी आठवड्यापूर्वी दुरुस्त करून दिला होता.

"काका, तुम्ही तर टाइट करून दिलेलं ना?"

आमच्याकडे खड्ड्यांनी बोल्ट सैल होतात, म्हणून पान्याला लोखंडी नळी अडकवून एक पीळ जादा द्यायची सवय. एसीच्या पाइपाचा जोडही मी तसाच आवळला होता. उघडून पाहिलं, तर आतली रबरी रिंग चेपून चिरलेली. सगळा गॅस तिथूनच गेला होता.

"गॅसच हलका निघाला" म्हणून सुटलो असतो. पण सासूबाई पदराने वारा घेत माझ्याकडेच बघत होत्या.

"बेन, टाइट केलं म्हणूनच गळलं. चूक माझी."

नवी रिंग तेल लावून बसवली. लेकीने दिलेला टॉर्क रेंच, म्हणजे मापातच आवळायचा पाना, पहिल्यांदा डब्यातून काढला. ठरल्या मापाला तो टक वाजला. हात अजून पीळ मागत होता, आवरला. गॅस भरून जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही.

थंड वारा लागताच सासूबाई म्हणाल्या, "हवे चालो, निघूया आता. पण भाई, परवा परत डायलिसिसला जायचंय हां!"

म्हणजे जोड टिकतो की नाही, या काळजीत परवापर्यंत माझा जीव टांगणीला. तुमच्या हाताला आहे का अशी एखादी सवय, भल्यासाठी लावलेली आणि दुसऱ्याला नडलेली?