काडतूसमामांचं रिकामं भांडं

काडतूसमामा आमच्याकडे आले की चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जायचे. गॅसचं बटण हातानं चाचपून बघायचे, आणि मग बाहेर येऊन सोफ्यावर बसायचे. पहिल्यांदा मला रागच आला. परक्या बाईच्या ओट्यापर्यंत असा बेधडक जाणारा हा कोण माणूस? "चूल विझली का बघितलं, वहिनी. सवय आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, मी आता चहाच टाकणार होते. तर म्हणतात, "टाका की. विस्तव आहे हे माहीत असलं म्हणजे झालं."

मामा इथं अमिरातीत, आमच्या शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात कामाला होते. हवेत उडवायच्या मातीच्या तबकड्या यंत्रात भरायच्या आणि लोकांनी उडवलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं गोळा करायची, हे त्यांचं काम. आमची ईशा सोळाव्या वर्षी तिथं शिकायला जाऊ लागली, तेव्हा ओळख झाली. मराठी ऐकू आलं की मामा हातातलं काम टाकून यायचे, आणि आले की लवकर जायचे नाहीत. सुपरवायझर लांबून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, असं ओरडत राहायचा. काडतूसमामा हे नाव ईशानंच ठेवलं. त्यांना ते इतकं आवडलं की फोनवरही स्वतःच सांगायचे, "काडतूसमामा बोलतोय."

ही चूल विझवण्याची सवय कोकणातली. त्यांचे वडील, आबा, यांच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. माकडं आणि डुकरं नारळीपोफळीत उतरली की एखादा बार काढायचा, बाकी बंदूक खुंटीला. विकतची काडतुसं घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून उडवलेली टोपणं जपून ठेवायची आणि पावसाळ्याआधी पडवीत बसून पुन्हा भरायची. त्या दिवशी घरातली चूल पेटायची नाही. आदल्या दिवशीची भाकरी खायची, बिडी ओढणाऱ्याला अंगणात उभं करायचं नाही, आणि भरणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. मामा लहान असताना नुसते उंबऱ्यावर बसून बघायचे. मग टोपणं पुसायला मिळाली. बंदुकीच्या दारूच्या मापाला हात लावायला मिळाला तेव्हा त्यांना मिसरूड फुटलं होतं. करवंटी घासून केलेलं ते माप आबांच्याही वडिलांचं होतं.

आमच्या घरात दिरहमचे रुपये करून मोठ्यानं सांगण्याची रीत आहे. ईशाच्या एका तासाच्या बारांचे रुपये माझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, केले आणि त्याचा चेहराच उतरला. दोन दिवसांनी तो मुसफ्फातल्या कामावरून परतला तो कुठलासा व्हिडिओ घेऊनच. कुण्या परदेशी माणसानं गॅरेजात यंत्र बसवलं होतं आणि तो रिकामी काडतुसं घरीच भरत होता. प्रशांत म्हणाला, "मामा, सुरुवातीला काय काय लागतं? आपणही करू ना!" मामांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाले, "तीन गोष्टी लागतात, साहेब. सरकारची परवानगी, वेगळी खोली आणि न तापणारं डोकं. पहिली इथं मिळायची नाही. दुसरी तुमच्या घरात नाही. तिसरीचं वहिनींना विचारा." मी काही बोलायच्या आत ईशाच म्हणाली, "डॅड, फरगेट इट."

पण मामांनी पोरीला वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की गरिबाघरच्या नेमबाजानं बार कमी आणि नेम जास्त करावा. क्लबच्या प्रशिक्षकाची परवानगी काढून ते ईशाला रिकाम्या बंदुकीनं तबकडीच्या मागे नजर फिरवायला लावत. ती कंटाळायची. "मामा, वन रिअल शॉट, प्लीज!" मामा म्हणायचे, "भरलेलं काडतूस म्हणजे डब्यातले तांदूळ. भूक लागल्याशिवाय काढू नये." मग आपणच विरघळायचे आणि प्रशिक्षकाकडे तिच्यासाठी शब्द टाकायचे. हट्टी होते, बढाईखोरही होते. आपल्याइतकं काडतूस अख्ख्या अमिरातीत कुणाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्ही हसायचो.

उडवलेलं टोपण फेकून द्यायचं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. क्लबात पिंपंच्या पिंपं भरायची आणि भंगारात जायची. मामा त्या पिंपाशी उभे राहून हळहळायचे. "एकेक अजून चारचार वेळा भरता आलं असतं. वहिनी, रिकामं काडतूस म्हणजे नुसतं भांडं. तुम्ही जेवण झालं की पातेलं फेकता का?"

आबांना ही पिंपं फोनवर दाखवली, तीच चूक झाली. गावाकडची त्यांची टोपणं भरून भरून चिरली होती. म्हातारा त्या दिवसापासून एकच धोशा लावून बसला. एकदा मामांनी आमच्याच घरून फोन लावला होता, म्हणून मीही ऐकलं. "येताना चार रिकामी घेवन ये रे झिला. मापाचीच आसत." मामा हो हो म्हणाले. त्यांची सुट्टी अजून लांब होती.

मग आबांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. मामांना रजा मिळाली, तिकीट मिळालं. निघायच्या दुपारी त्यांनी पिंपातली चार टोपणं उचलली आणि सुपरवायझरला दाखवली. तो म्हणाला, "खलास माल है हबीबी, ले जाओ." मामांच्या लेखी परवानगी मिळाली. टोपणं धुऊन, पुसून, लुंगीत गुंडाळून त्यांनी बॅगेत ठेवली. हे त्यांनी आम्हाला सांगितलं असतं तर मी त्यांच्या हातून ती हिसकावून घेतली असती. सांगितलं नाही, कारण भांड्यांबद्दल काय सांगायचं! मी खजुराचा डबा दिला, त्यांनी गॅसचं बटण बघितलं आणि प्रशांतनं त्यांना विमानतळावर सोडलं.

विमानतळावर तपासणीच्या यंत्रात बॅग अडकली. तिथल्या शिपायानं विचारलं, हे काय आहे? दुसरा कुणी असता तर घाबरून प्लास्टिकचा कचरा आहे म्हणाला असता. मामांनी छाती काढून सांगितलं, "कारतूस." आणि मग त्या शिपायाला आपल्या हिंदीत समजावू लागले, की ही धुतलेली आहेत, चांगली आहेत, अजून भरता येतील. अजून भरता येतील! आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तीच त्यांनी नको त्या माणसापुढे उघडून दाखवली.

विमान गेलं. मामांना चौकशीसाठी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाच्या तरी फोनवरून मला सांगितलं, "वहिनी, मी अजून इथंच आहे. आबांना कळवू नका, वाट बघूदे." प्रशांत क्लबातून पत्र आणायला धावला. पत्र मिळालं, पण त्यावर सही करणारा साहेब दूर फुजैराला गेलेला, त्याची वाट बघण्यात वेळ गेला. पोलीस वाईट वागले नाहीत. एका अधिकाऱ्यानं मामांना चहा दिला, वडील लवकर बरे होवोत म्हणाला. रिकामं काडतूसही परवान्याशिवाय नेता येत नाही, हा नियम तेवढा त्याच्या हातात नव्हता. आणि आबा मुलाची वाट बघत बघत गेले.

ते मामांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. सुटून ते थेट आमच्याकडे आले. वाक्याची जुळवाजुळव करत मी दार उघडलं. मामा आत आले आणि स्वयंपाकघराकडे न जाता सोफ्यावर बसले. आत कुकर चालू होता, शिट्टी झाली, तरी त्यांनी मान वळवली नाही. मला कळलं, यांना कळलंय. "अग्नी धाकट्या भावानं दिला ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. जन्मभर लोकांच्या घरात विस्तव विझला का विचारणारा हा माणूस, आणि बापाला विस्तव द्यायच्या वेळी तिथं नव्हता. मला त्या चार टोपणांचा, त्या सुपरवायझरचा, त्या फोनवरच्या म्हाताऱ्याचा, सगळ्यांचा भयंकर राग आला. मामांना मात्र कुणाचा राग आला नव्हता. ते नुसते हात बघत बसले होते.

क्लबानं नोकरी पुढे चालू ठेवली नाही. बंदुकांच्या जागी काम करणाऱ्यावर असा डाग चालत नाही म्हणे. मामा बाराव्याला पोचले आणि पुन्हा आले नाहीत. ईशानं त्यांना निरोप म्हणून व्हॉइस मेसेज पाठवला. इंग्रजीत सुरुवात केली आणि मध्येच मराठीत रडायला लागली. मी तिला तसंच रडू दिलं.

परवा त्यांचा फोन आला. "वहिनी, मी बोलतोय." काडतूसमामा म्हणाले नाहीत. आबांचा परवाना आबांबरोबर संपला, बंदूक ठाण्यात जमा झाली. आता ते पत्र्याचा डबा बडवून माकडं हाकतात. मी विचारलं, "आणि आबांचं ते माप?"

ते म्हणाले, "मी येतोय कळल्यावर आबा अंथरुणातून उठले होते. पोरगा टोपणं घेऊन येतो म्हणून वाडीभर सांगितलं. माप धुतलं आणि पडवीत पालथं घातलं, सुकायला. अजून तसंच आहे. कुणी उचलत नाही."

"तुम्ही उचला ना, मामा."

"पालथं भांडं उचललं की त्यात काहीतरी घालावं लागतं, वहिनी. मी काय घालू?"

फोन ठेवतील असं वाटलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गॅस बंद आहे ना?" आबा गेल्यापासून पहिल्यांदाच विचारलं. मी आहे म्हटलं.

"बसल्या जागेवरून सांगू नका. बघून या."

मी उठले. फोन कानाला लावूनच ओट्यापाशी गेले, बटण हातानं चाचपलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण हाताला कळत होतं.

"बंद आहे, मामा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.